"डॉक्टर, मला भोक आहे का?"

आठ वर्षांची मुलगी. तपासताना तिच्या डॉक्टरांना छातीत ठोक्यासोबत फुस्स असा जादा आवाज ऐकू आला, म्हणून इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, माझ्याकडे पाठवलेली. जेल गार लागलं म्हणून आधी कुरकुरली. मग पडद्यावर स्वतःच्या हृदयाच्या झडपा फडफडताना दिसल्या आणि एकदम गप्प. मुलं इथे गप्प होतातच.

मी रंग चालू केले. डाव्या कप्प्यात लाल लोट आला, लगेच निळा. तिचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, मला भोक आहे का? निळं रक्त इकडे कसं आलं?"

पुस्तकातल्या चित्रात डावी बाजू लाल, उजवी निळी. हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्याला भोक असलं तर दोन्ही मिसळतात, हेही तिने कुठेतरी ऐकलेलं. पोरीचा तर्क बिनचूक होता. घोळ आपणच घातलाय: शिरेला म्हणायचं नीला, धमनीला रोहिणी, म्हणजे तांबडी. त्यात यंत्र बनवणाऱ्यांनीही नेमके हेच दोन रंग उचलले!

"हे रंग यंत्राने भरलेत," मी म्हटलं. "रक्त माझ्या हातातल्या प्रोबकडे आलं की लाल, लांब गेलं की निळं. फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन कप्प्यात येतं तेव्हा लाल. तेच रक्त महाधमनीतून अंगभर जायला निघालं की निळं."

पटलं नाही. मग प्रोब गळ्याखालच्या खळगीत ठेवला. तिथून महाधमनी छत्रीच्या मुठीसारखी वाकलेली दिसते. चढताना लाल, उतरताना निळी आणि ऐन वळणावर, जिथे रक्त प्रोबला आडवं जातं, तिथे काळी.

"एकच नळी!" ती ओरडली. तपासणीला यातलं एकच चित्र पुरलं असतं, पण मी तीनदा दाखवलं.

"मग बाबांच्या हातावरची शीर निळी का?"

ती करामत कातडीतून परतणाऱ्या प्रकाशाची. सुईने काढलं तर शिरेतलं रक्तही लालच निघतं, जरा गडद. बाबांच्या दंडाला पट्टा बांधून मी १६२८ साली इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने छापलेला प्रयोग केला: फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवायचं, दुसऱ्याने रक्त कोपराकडे सारायचं आणि ते दुसरं बोट उचलायचं. शीर रिकामीच राहते. आतली झडप रक्ताला माघारी येऊ देत नाही, त्याला फक्त हृदयाकडे वाट. खालचं बोट उचललं की भरली!

हा प्रयोग मी कॉलेजात वाचला होता, कुणासमोर करून दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली.

भोक नव्हतं. झडपा ठीक होत्या. तो फुस्स आवाज नुसत्या वाहत्या रक्ताचा. वाढत्या वयात पुष्कळ मुलांच्या छातीत तो ऐकू येतो. वडिलांना हे सांगत होते तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष माझ्याकडे होतं, कारण लेकीने त्यांचा हात काही सोडला नव्हता. ती दुसरी झडप शोधत होती.