पासपोर्टमधल्या एका रिकाम्या रकान्यामुळे गेलेले तेवीस दिवस

अमेरिकेत मेन राज्यातल्या एका तळ्याकाठच्या समर कॅम्पला कौन्सेलर म्हणून, म्हणजे शिबिरातल्या मुलांना सांभाळणारी ताई म्हणून, जाऊन आले. तिथे कसं जायचं असं कुणी विचारलं, की मी आधी एकच सांगते: पासपोर्ट काढा आणि ‘सरनेम’चा रकाना बघा. माझ्या पासपोर्टात तो रिकामा होता. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव असं सगळं ‘गिव्हन नेम’मध्ये एका ओळीत. बारावीत असताना एजंटने फॉर्म भरला होता. तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही.

एजन्सीकडे अर्ज, व्हिडिओ कॉलवर मुलाखत, कॅम्पचा होकार, हे सगळं पटापट झालं. जे-१, म्हणजे एक्स्चेंज व्हिजिटरांचा व्हिसा, त्यातला कॅम्प कौन्सेलर हा प्रकार. वय किमान १८ हवं आणि जास्तीत जास्त चार महिने राहता येतं. आपल्याकडे याला व्हॉलंटिअरिंग म्हणतात, पण तिथल्या कौन्सेलरला जे मिळतं त्या मानाने तुम्हालाही पैसे मिळायला हवेत, असा नियम आहे. कुणी फुकट राबायला सांगितलं तर तिथेच थांबा.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगते. एजन्सीच्या अर्जात मी सवयीने आधी नाव आणि शेवटी आडनाव लिहिलं. त्यावरून डीएस-२०१९ आला, म्हणजे ज्याच्या आधारावर व्हिसा मिळतो तो कागद. मग व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरताना सूचना वाचली: पासपोर्टात नाव एकाच रकान्यात असेल तर ते सगळं सरनेममध्ये लिहा आणि गिव्हन नेममध्ये ‘एफएनयू’ लिहा. फर्स्ट नेम अननोन. पहिलं नाव अज्ञात! आईवडिलांनी ठेवलेलं नाव समोर छापलेलं असताना अज्ञात कसं, या विचाराने मन खट्टू झालं, पण सूचनेप्रमाणे भरलं. आपल्या दोन कागदांवर आता दोन वेगळ्या माणसांची नावं आहेत, हे काही डोक्यात आलं नाही.

व्हिसाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने दोन मिनिटं कॅम्पबद्दल विचारलं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेनाचं टोक या नावावरून त्या नावावर नेलं. हातात २२१(जी)ची चिठ्ठी, म्हणजे कागद पुरे होईपर्यंत व्हिसा अडवल्याची, आणि पासपोर्ट परत. डीएस-२०१९ दुरुस्त करून आणा. त्याचं काही चुकलं नव्हतं.

खरा वैताग त्यानंतर. एजन्सीला रात्रीच मेल केला. उत्तर आलं ते आपोआप येणारं: तीन ते पाच कामकाजाचे दिवस. चौथ्या दिवशी कुणीतरी विचारलं, दुरुस्ती करायला सांगितलं कुणी? चिठ्ठीचा फोटो मी पहिल्याच मेलला जोडला होता. पुन्हा जोडला. नवव्या दिवशी नवा डीएस-२०१९ आला. रात्री साडेअकराला मोबाइलवर उघडला आणि डोळ्यांत पाणीच आलं. एफएनयू सरनेममध्ये आणि माझं अख्खं नाव गिव्हन नेममध्ये. बरोबर उलटं. सरनेम रिकामं ठेवता येत नाही म्हणून असं केलं, हे त्यांचं स्पष्टीकरण.

कॅम्पची तारीख जवळ येत होती आणि एका मेलचा प्रश्न-उत्तराचा फेरा म्हणजे एक दिवस. एजन्सी अमेरिकेतली, आपण उठतो तेव्हा ते झोपलेले. डीएस-१६० मधल्या त्या सूचनेचा स्क्रीनशॉट काढला, लाल गोल केला, पाठवला. सोळाव्या दिवशी मेलचा नाद सोडला आणि रात्री थेट फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी पासपोर्टवरचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, त्यांनी टाइप केलं, परत वाचून दाखवलं. अकरा मिनिटं लागली. एवढंच काम होतं, त्यासाठी मी पंधरा दिवस मेल लिहीत बसले! तुम्ही पहिल्याच दिवशी फोन करा.

तेविसाव्या दिवशी व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आला. तोपर्यंत स्टाफ ट्रेनिंगचे पहिले चार दिवस बुडाले होते.

दुरुस्तीत सेव्हिस नंबर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या यंत्रणेतला आपला नोंदणी क्रमांक, तोच राहतो, त्यामुळे ३५ डॉलरची फी पुन्हा भरायची नसते. मी भरायलाच निघाले होते. मुलाखतही पुन्हा झाली नाही, कागद नेऊन दिले की झालं. मात्र २२१(जी) हा नकारच धरतात. पुढे कधी फॉर्ममध्ये ‘व्हिसा नाकारला होता का’ असं विचारलं तर ‘हो’ लिहा.

कॅम्पवर लाकडाच्या गोल चकतीवर नाव लिहून गळ्यात घालतात. यादीवरून माझ्या चकतीवर एफएनयू रंगवलं होतं. माझ्या केबिनमधली नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘फ्नू’चा अर्थ काय? मी चकती उलटी केली आणि मार्करने देवनागरीत माझं नाव लिहिलं. रात्री दिवे मालवेपर्यंत आठही मुलींनी आपापली चकती माझ्याकडून लिहून घेतली होती. आठ आठवडे मी त्याच नावाने हाक ऐकली.

परतीचं सांगायचं राहिलं. व्हिसाच्या स्टिकरवरची तारीख बघून मी घाबरले होते. ती तारीख अमेरिकेत शिरण्यासाठी असते. राहण्याची मुदत डीएस-२०१९ वरून ठरते आणि कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस आणखी मिळतात. त्या दिवसांत काम करायचं नाही आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण त्या व्हिसावर परत आत येता येत नाही. नायगाराची कॅनडाची बाजू मी म्हणूनच सोडली.

परतीचं तिकीट व्हिसावर नाव होतं तसंच काढलं. ऑनलाइन चेक-इन झालं नाही. पोर्टलंडहून बस पकडून बोस्टन विमानतळावर चार तास आधी पोचले. बोर्डिंग पासवर छापून आलं ‘एफएनयूएमएस’. विमान कंपन्या नावाला ‘मिस’चा एमएस चिकटवतात, त्याचा हा परिणाम. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, मान हलवली, बॅग पट्ट्यावर टाकली. तेवढ्यासाठी पोटात केवढा गोळा आला होता!

आणि हो, मेनमध्ये गोचिडांपासून जपा, रोज रात्री मुलांचे आणि आपले पाय, कानांच्या मागे तपासा. लाइम आजार त्यांच्यातूनच होतो.

परवा पासपोर्ट री-इश्यूला दिला. नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. या वेळी फॉर्म मी स्वतः भरला.