तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सिस्टर्स एवढ्या लांब आल्याच कशाला?

गेली वीसेक वर्षं हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, कधी लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मावशी, कधी ऑफिसातली नवीन मुलगी. माझे बाबा एअरफोर्समध्ये होते म्हणून शाळेची चार वर्षं आग्र्याला कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि पुढे लग्न झाल्यावर ह्यांच्या नोकरीमुळे नऊ वर्षं रांचीत राहिलो. हे कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "अगं पण त्या नन्स मुळात युरोपातून तिकडे यूपी-बिहारात आल्याच कशाला? धर्मांतर करायलाच ना?" तिथे उभ्या उभ्या मी काहीतरी दोन वाक्यांत सांगते आणि घरी येऊन चुटपुट लागते की नीट सांगितलं नाही. म्हणून आज सविस्तर.

तर पहिली गोष्ट, त्या आल्या कारण त्यांना बोलावलं होतं, आणि बोलावलं होतं ते आपल्या मुलींसाठी नव्हतंच. कंपनी सरकारच्या फौजेत गोरे शिपाई होते त्यात आयरिश खूप, आणि आयरिश म्हणजे बहुतेक कॅथलिक. छावणीत त्यांचे संसार, पोरंबाळं, आणि मग कॉलरा, ताप, लढाया, बाप गेला की पोरगी उघड्यावर. आग्र्याला तेव्हा बोर्गी नावाचे इटालियन कॅपुचिन (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) बिशप होते, त्यांना या मुलींसाठी शाळा आणि अनाथाश्रम हवा होता, आणि त्यासाठी बायका हव्या होत्या. त्यांनी युरोपात विनंती केली आणि फ्रान्समधल्या लिऑं शहरातून सहा सिस्टर्स निघाल्या.

ह्या सहाजणी ज्या संस्थेच्या, ती जीझस अँड मेरीची संस्था १८१८ साली क्लॉदिन थेवने नावाच्या बाईंनी काढली. त्यांची कहाणी आम्हाला शाळेत सांगायचे तेव्हा वर्गात एकदम शांतता व्हायची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्यांच्या दोन भावांना गोळ्या घालून मारलं, बहिणीच्या डोळ्यांदेखत, आणि जाताना भाऊ सांगून गेले की मारणाऱ्यांना माफ कर. पुढे त्यांनी रस्त्यावर आलेल्या मुलींना गोळा करून शिवण, विणकाम, लिहिणं-वाचणं शिकवायला सुरुवात केली, लिऑं म्हणजे रेशमाचं गाव, तिथे हाताला काम मिळायचं. बाई १८३७ मध्ये वारल्या, हिंदुस्थान त्यांनी पाहिलाच नाही.

त्या सहाजणी १८४२ च्या सुरुवातीला घर सोडून निघाल्या आणि आग्र्याला पोचल्या नोव्हेंबरात. जवळजवळ दहा महिने! सुएझचा कालवा व्हायला अजून २७ वर्षं होती, आणि आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ ला, त्यामुळे कलकत्त्याला उतरल्यावरसुद्धा आग्रा म्हणजे पुढचा अख्खा वेगळा प्रवास. मी आग्र्याला असताना जूनमध्ये पंख्याखाली बसूनसुद्धा जीव नकोसा व्हायचा, आणि ह्या बायका डोक्यापासून पायापर्यंत लोकरी झग्यात. परत जायचं तिकीट नाही, जायची कल्पनाच नाही. भाषा येत नाही, ऊन माहीत नाही. त्यांची आग्र्याची शाळा सेंट पॅट्रिक्स सुरू झाली ती त्याच साली, १८४२. तीन वर्षांनी मसुरीला वेव्हर्ली नावाची शाळा, १८५६ ला सियालकोट, १८६४ ला सिमला, १८६७ ला लाहोर. डेहराडूनला रेल्वे पोचली १९०० साली, म्हणजे मसुरीची शाळा उभी राहिली तेव्हा वर जाणारं प्रत्येक बाक, प्रत्येक फळा, घंटा, सगळं माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरूनच गेलं असणार. आणि मध्येच १८५७, त्यात आग्र्यातले सगळे गोरे लोक किल्ल्यात जाऊन राहिले, त्यांच्यात ह्या सिस्टर्स पण होत्या. (पुणेकरांना सांगते, कॅम्पातलं कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ह्याच संस्थेचं बरं का.)

पाटण्याची गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर मला ती जास्त जवळची. १८५३ साली बिशप हार्टमन, हे स्विस कॅपुचिन, त्यांनी बव्हेरियातून म्युनिकजवळच्या निम्फेनबर्गहून सिस्टर्स आणल्या आणि पाटण्यातल्या बांकीपूरला सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुरू झालं. ह्याच सिस्टर्सनी पुढे १८६६ ला अलाहाबादला सेंट मेरीज आणि १८७८ ला नैनितालला शाळा काढली. आणि त्याच्या आधी ३० डिसेंबर १८४१ ला कलकत्त्याला उतरल्या त्या डब्लिनच्या लोरेटो सिस्टर्स, त्यांच्या शाळा १८४६ ला दार्जिलिंग, १८७२ ला लखनौ. मदर तेरेसा मूळच्या ह्याच लोरेटोच्या, १९२९ ला आल्या त्या दार्जिलिंगलाच शिकायला. तर गंमत बघा, डब्लिनच्या काय आणि म्युनिकच्या काय, दोघींची मूळ बाई एकच, मेरी वॉर्ड नावाची इंग्लिश बाई, १५८५ चा जन्म. तिचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही भिंतीआड कोंडून घेऊन नुसती प्रार्थना करणार नाही, आम्ही बाहेर फिरणार, मुलींना शिकवणार, आणि आमची सूत्रं आमच्याच हातात राहणार. १६३१ मध्ये पोपनं तिची संस्था मोडून टाकली आणि तिला म्युनिकमध्ये मठात कैद केलं. ती तिथून लिंबाच्या रसानं पत्रं लिहायची, कागद शेकला की अक्षरं उमटायची. १६४५ ला गेली आणि १९०९ पर्यंत तिच्याच संस्थांना तिचं नाव संस्थापक म्हणून उघड घ्यायची परवानगी नव्हती. म्हणजे पाटण्याला आणि लखनौला ज्या सिस्टर्स शाळा काढत होत्या त्यांना आपली आई कोण हे जाहीर सांगता येत नव्हतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

आता जे मला खटकतं ते पण सांगते, कारण विचारणारे ते ऐकायलाच विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. डोंगरावरच्या ह्या शाळा सुरुवातीला साहेबांच्या मुलींच्याच होत्या, फी भरणाऱ्यांच्या, पियानो, फ्रेंच, भरतकाम. अनाथ मुली वेगळ्या राहायच्या, वेगळ्या जेवायच्या. दुष्काळात आईबाप गेलेली देशी पोरं अनाथाश्रमात आली ती ख्रिस्तीच म्हणून वाढली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे १८४८ ला पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी शाळा काढली ती शेजारच्या गल्लीतल्या मुलींसाठी, आपल्या भाषेत, म्हणून "आग्र्याची १८४२ ची शाळा सावित्रीबाईंच्या आधीची" असं कुणी म्हणालं की मी लगेच थांबवते, त्या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका. माझ्या स्वतःच्या शाळेत हिंदी बोललं की पन्नास पैसे दंड होता, आणि भिंतीपलीकडे त्याच सिस्टर्सची हिंदी मीडियमची शाळा होती, दुपारची, तिचं गेट मागच्या रस्त्याला. आमच्या फीवर ती चालायची असं आम्हाला सांगायचे, पण चार वर्षांत मी पलीकडच्या एकाही मुलीशी बोलले नाही. ते मला आजही बोचतं.

धर्मांतराचं म्हणाल तर माझ्यापुरतं सांगते, सकाळी असेंब्लीत "अवर फादर" म्हणायचो आणि संध्याकाळी आजी भीमरूपी म्हणून घ्यायची, दोन्ही पाठ आहे. आमच्या प्रिन्सिपल सिस्टर गणपतीत क्वार्टरवर आल्या होत्या, सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि दोन मोदक खाल्ले, आईनं तिसरा वाढला तेव्हा हात जोडले. पण फी भरणाऱ्या ऑफिसरच्या मुलीचा अनुभव म्हणजे सगळ्यांचा अनुभव नाही, हे रांचीत गेल्यावर कळलं.

रांचीत पुरुलिया रोड म्हणून रस्ता आहे (आता त्याला डॉ. कामिल बुल्के पथ म्हणतात, रामकथेवर हिंदीत एवढं मोठं काम करणारे बेल्जियन फादर, त्यांच्या नावानं), तिथे कॅथेड्रल, उर्सुलाईन कॉन्व्हेंट, शाळा, कॉलेज सगळं एका रांगेत. रोज भाजीला जाताना पांढऱ्या साडीतल्या सिस्टर्स दिसायच्या, रंगानं, बोलण्यानं, चालण्यानं तिथल्याच. मी एकदा शेजारणीला विचारलं ह्या कुणाच्या, ती म्हणाली, "ये तो हमारे वाले हैं, संत अन्ना वाले." आणि तिनं मला त्यांची संस्था काढणाऱ्या बर्नादेत्तची गोष्ट सांगितली.

रांचीकडच्या मांडरजवळचं सरगाव, उरांव आदिवासी घर, जन्म १८७८. रांचीत १८९० ला लोरेटोच्या सिस्टर्स आल्या त्यांच्याकडे ही मुलगी शिकायला होती. छोटानागपूरमध्ये, म्हणजे रांचीच्या त्या सगळ्या भागात, तो काळ जमिनीच्या भांडणांचा, जमीनदार, सावकार, वेठबिगारी, आणि लीव्हन्स नावाचे फादर कोर्टकचेऱ्यांत आदिवासींच्या बाजूनं उभे राहिले म्हणून गावंच्या गावं चर्चमध्ये आली. तर ही बर्नादेत्त आणि तिच्याबरोबर सेसिलिया, वेरोनिका, मेरी, चौघींनी ठरवलं की लग्न करायचं नाही, आपण पण सिस्टर व्हायचं. घरच्यांनी आकाशपाताळ एक केलं, लग्न ठरवायला निघाले. बिनलग्नाची पोरगी म्हणजे काय, हे आपल्या आजीच्या पिढीला विचारा, तिकडेही तेच. आणि गोऱ्या सिस्टर्सच्या पंक्तीत आदिवासी मुलगी बसणार ही कल्पना चर्चमधल्या मंडळींनाही पटकन पचेना. पण चौघी हटल्या नाहीत. शेवटी कलकत्त्याच्या आर्चबिशप गोएथल्स यांनी परवानगी दिली आणि २६ जुलै १८९७, संत अन्नाच्या सणाला, त्यांची स्वतःची, संत अन्नाच्या नावाची संस्था सुरू झाली. बर्नादेत्त तेव्हा एकोणीस वर्षांची होती! १९०३ ला बेल्जियमहून टिल्डोंकच्या उर्सुलाईन सिस्टर्स आल्या त्यांनी पुढे हात दिला, पण पाऊल ह्या मुलींनी आधीच टाकलेलं होतं.

आणि हे पण लक्षात ठेवा की तीच माती, तीच वर्षं, बिरसा मुंडाची. मिशनच्याच शाळेत शिकलेला आणि मिशनशी फारकत घेऊन उभा राहिलेला तो पोरगा ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात वारला. मला रांचीत दोन्ही बाजूंची माणसं भेटली, बिरसाला भगवान मानणारी आणि बर्नादेत्तला माँ म्हणणारी, कधी कधी एकाच घरात. मला त्यात एकाची निवड करता येत नाही आणि करायचीही नाही. बर्नादेत्त १९६१ पर्यंत जगली. तिच्या सिस्टर्स आता खेड्यापाड्यांत शाळा चालवतात, दवाखाने चालवतात, आणि त्यांना कुणी बोटीतून आणलेलं नाही.

म्हणजे "त्या युरोपातून का आल्या" हा प्रश्न केव्हाच जुना झालाय. माझ्या शाळेत १९८० च्या दशकात गोरी सिस्टर एकच उरली होती, म्हातारी, बागेत बसलेली असायची. बाकी सगळ्या केरळच्या, मंगलोरच्या. आमच्या हिंदीच्या सिस्टर मल्याळी, दहावी झाल्या झाल्या घर सोडून तीन दिवस रेल्वेनं आलेल्या, हिंदी इथे येऊन शिकल्या आणि आम्हाला कबीर शिकवायच्या. त्याच केरळमधून सिस्टर रानी मारिया आल्या, १९७५ ला यूपीतल्या बिजनौरला, मग मध्य प्रदेशात उदयनगरला. शेतमजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला बचत, बँकेचं कर्ज, हक्काची मजुरी असलं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरच्या बसमध्ये सगळ्या प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं, अंगावर पन्नासच्या वर वार. त्यांची धाकटी बहीणही सिस्टर, ती तुरुंगात गेली आणि मारणाऱ्याला राखी बांधून आली. मला हे वाचताना क्लॉदिनबाईंचे लिऑंचे ते दोन भाऊ आठवले. २०१७ ला इंदूरमध्ये रानी मारियांना चर्चनं धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

शेवटचं एक. रांचीत आठव्या वर्षी, डिसेंबरात, बँकेत रांगेत उभी होते आणि मुलाला मराठीत ओरडत होते. पुढच्या सिस्टर गर्रकन वळल्या, "तुम्ही मराठी?" वसईच्या निघाल्या. वसईकडे धर्मभगिनी म्हणतात त्यांना, तो शब्द मला त्यांनीच सांगितला. नऊ महिने मराठी बोलल्या नव्हत्या म्हणाल्या, बँकेतून बाहेर येऊन आम्ही पाऊण तास पायरीवर बसून बोललो, केळीच्या बागा, सुकी मासळी, आई किती थकलीय. त्या सिमडेगाच्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळेवर होत्या, संध्याकाळची बस पकडायची होती. मी घरी ओढून नेलं, भाकरी आणि झुणका केला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि एक कागदात बांधून घेतली. स्टँडवर सोडताना विचारलं, परत वसईला कधी? म्हणाल्या, सुट्टी तीन वर्षांनी मिळते, मागच्या वर्षी जाऊन आले.

बस भरलेली होती, त्या दारापाशीच उभ्या राहिल्या आणि आतून कुणीतरी मुलगी ओरडली, "सिस्टर, इधर आइए, जगह है."