मायनस एटीमधल्या ट्यूबचा पत्ता

चार-पाच वर्षं वापरात असलेला कुठलाही मायनस एटी, म्हणजे नमुने उणे ८० अंश सेल्सियसला गोठवून ठेवणारा प्रयोगशाळेतला फ्रीझर, उघडून बघा. निम्मी जागा अशा ट्यूबांनी अडवलेली असते, ज्यांचा वाली कोण हे प्रयोगशाळेत कुणालाच सांगता येत नाही. झाकणावर ‘आर १’, ‘नवीन’, ‘मॅडम’, ‘फायनल २’ असलं काहीतरी, तेही अर्धवट पुसलेलं. वापरायला भरवसा नाही आणि फेकायला धीर होत नाही. मग जागा नाही म्हणून नव्या फ्रीझरची मागणी पुढे सरकवली जाते. तो आला की तोही तसाच भरतो.

त्यामुळे पहिला नियम: पत्ता लिहिल्याशिवाय ट्यूब आत जाणार नाही. ‘आत्ता ठेवतो, संध्याकाळी नोंद करतो’ हे चालू द्यायचं नाही, कारण ती संध्याकाळ येत नाही. पत्ता बाहेरून आत लिहावा: फ्रीझर, कप्पा, रॅक, ड्रॉवर, बॉक्स, खाना. पाचशे-सहाशे लिटरच्या उभ्या फ्रीझरचा हिशोब करून बघा. पाच कप्पे, प्रत्येकात चार रॅक, रॅकमध्ये पाच ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये एकामागे एक चार बॉक्स, म्हणजे ४०० बॉक्स. एका बॉक्समध्ये ९ × ९ असे ८१ खाने धरले तर ३२,४०० ट्यूब. एवढ्यातून एक ट्यूब आठवणीवर शोधायची तर दार दहा मिनिटं उघडं राहणार, आणि त्या दहा मिनिटांचा ताप बाकीच्या हजारो ट्यूबांना होणार.

खान्यांना अक्षर-अंक देण्यापेक्षा सरळ १ ते ८१ आकडे द्यावेत असं माझं मत आहे. नवव्या ओळीचं रोमन ‘आय’ आणि आकडा १ यांचा हाताने लिहिताना हमखास घोळ होतो. मात्र कुठलीही पद्धत घ्या, बॉक्सची दिशा ठरवलीच पाहिजे. बॉक्स चौकोनी असतो, चारही बाजूंनी सारखाच दिसतो. तो उजवीकडे पाव वळसा फिरला की ९ नंबरच्या जागी १ नंबरची ट्यूब येते. अर्धा फिरला की ८१ च्या जागी १. फक्त मधली ४१ नंबरची ट्यूब कसाही फिरवला तरी जागेवर असते, बाकी ऐंशी चुकीच्या. म्हणून १ नंबरच्या कोपऱ्यावर ऑइल पेंट मार्करने ठळक ठिपका द्यावा, तळावरही आणि झाकणावरही. नुसता झाकणावर देऊन भागत नाही. दोन बॉक्स एकदम उघडले की झाकणांची अदलाबदल होते. बॉक्सचा नंबर समोरच्या उभ्या बाजूवर हवा, कारण ड्रॉवर ओढल्यावर तीच दिसते.

पुठ्ठ्याचे बॉक्स स्वस्त आणि पातळ, पण फ्रॉस्ट वितळला की तळ ओला होऊन सुटतो आणि ट्यूबा खाली सांडतात. मेणाचा किंवा पाणी न शोषणारा थर असलेला पुठ्ठा घ्यावा. रोज हाताळायच्या बॉक्ससाठी पॉलिकार्बोनेट परवडतं. रॅक मागवताना बॉक्सची उंची आधी मोजावी. २ मिलीच्या क्रायोव्हायलला (गोठवण्यासाठीच्या फिरकीच्या झाकणाच्या छोट्या ट्यूबला) दोन इंची बॉक्स लागतो, तीन इंचीसाठी वेगळा रॅक. १५ आणि ५० मिलीच्या ट्यूबांसाठी ऐंशीएक खान्यांचा बॉक्स निरुपयोगी. त्यांना वेगळा कप्पाच द्यावा, नाहीतर त्या रॅकच्या फटीत आडव्या कोंबल्या जातात आणि ड्रॉवर अडकतो. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनची हवी, पॉलिस्टायरीन थंडीत तडकतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, तेव्हा काठोकाठ भरायचं नाही. २ मिलीच्या व्हायलमध्ये १.८ मिली पुरे.

लेबलवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नमुने इथेच हातचे जातात. साधं कागदी स्टिकर मायनस एटीला आपोआप सुटतं आणि बॉक्सच्या तळाशी चार-पाच स्टिकरं गोळा झालेली सापडतात. कुठलं कुणाचं ते ओळखायचं कसं? पर्मनंट मार्करची शाई पाण्याला टिकते, पण हातमोज्याला लागलेल्या इथेनॉलने एका पुसण्यात जाते. क्रायो लेबल, म्हणजे अतिथंडीतही गोंद न सोडणारं लेबल, वापरावं, थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर रेझिन रिबनने छापलेलं, आणि ट्यूबला पूर्ण वळसा घालून टोकावर टोक चढेल इतकं लांब. लेबल कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या ट्यूबवर लावायचं आणि गोंद धरायला थोडा वेळ देऊन मगच आत टाकायचं. गोठलेल्या ट्यूबवर कितीही दाबलं तरी चिकटत नाही, बर्फाच्या थरावर नुसतं बसतं. प्रिंटर नसेल तर व्हायलच्या खरखरीत पांढऱ्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहावं. दिसायला गावठी, पण इथेनॉलला दाद देत नाही.

लेबलवर किती लिहायचं? कमी. समजा सांगोला, मोहोळ, मंगळवेढ्याच्या बागांतून डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे नमुने आले. तालुका, गाव, वाण, झाड, तारीख सगळं कोडमध्ये बसवायचा मोह होतो. पण एखादं गाव चुकीचं नोंदलं गेलं तर सगळ्या ट्यूबांची लेबलं बदलावी लागतात. त्यापेक्षा प्रकल्पाची दोन अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक आणि ॲलिक्वॉट (एकाच नमुन्याच्या वाटून ठेवलेल्या भागाचा) क्रमांक, उदाहरणार्थ ‘डीबी२५-०४१-२’, शिवाय ट्यूबमध्ये काय आहे (पान, डीएनए, की कल्चर म्हणजे वाढवलेले जिवाणू) आणि तारीख, एवढंच ट्यूबवर. झाकणावर फक्त ०४१-२. बाकी सगळं नोंदीत: कुठून आणलं, कुणी आणलं, किती मायक्रोलिटर, कॉन्सन्ट्रेशन, कितीदा वितळवलं, कुणाचं आहे आणि कधी टाकून द्यायचं. हा शेवटचा रकाना बहुतेक नोंदींत नसतोच, म्हणून तर फ्रीझर रिकामा होत नाही.

नोंद एक्सेलमध्ये चालते, छोट्या प्रयोगशाळेला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पण पत्त्याचे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावेत. ‘३-५’ असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, ‘०४१’ चं ४१ होतं, आणि पहिल्या प्लेटचा ई ५ खाना सलग ‘१ई५’ असा लिहिला तर एक्सेल ‘ई ५’ म्हणजे दहाचा पाचवा घात समजतं आणि त्याचे एक लाख होतात. नंतर रकाना टेक्स्ट करून मूळ नोंद परत येत नाही. फाइल एकच, सर्वांना दिसणारी; प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हवर वेगळी प्रत असली तर कुणाचीच खरी नसते. शिवाय फ्रीझरच्या दारावर कप्पे आणि रॅकचा छापील नकाशा लावावा. वीज गेली की संगणकही गेलेला असतो.

काय कुठे ठेवायचं याचीही शिस्त हवी. आरएनए आणि पानांचे ताजे गोठवलेले नमुने मायनस एटीला. शुद्ध केलेला डीएनए टीई बफरमध्ये (डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात) मायनस ट्वेंटीला, म्हणजे उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये, निवांत राहतो, त्याने मायनस एटीची जागा अडवू नये. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतात, मायनस ट्वेंटीला द्रवच राहतात, आणि तिथेच ठेवावेत. पण तो फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री नको. घरगुती फ्रीजचा वरचा कप्पा बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःला तापवून घेतो, आणि दर वेळी आतल्या ट्यूबाही थोड्या वितळतात. महिन्याभराने एन्झाइम काम करत नाही आणि दोष कंपनीला दिला जातो. जिवाणूंचे स्टॉक करायचे तर रात्रभर वाढवलेलं कल्चर ५०० मायक्रोलिटर आणि निर्जंतुक ५० टक्के ग्लिसरॉल ५०० मायक्रोलिटर, नीट मिसळून थेट मायनस एटीला. वापरताना व्हायल वितळवायची नाही. वरून निर्जंतुक लूपने (तारेच्या छोट्या कडीने) खरवडून प्लेटवर ओढायचं आणि लगेच परत ठेवायचं. प्रत्येक स्टॉकच्या दोन व्हायल कराव्यात, एक कामाची आणि एक राखीव. राखीव दुसऱ्या फ्रीझरमध्ये, जमलं तर दुसऱ्या इमारतीत. आणि ईथर, ॲसिटोन असले ज्वालाग्राही द्रव साध्या फ्रीझरमध्ये अजिबात नकोत. आतल्या स्विचच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

ट्यूब काढताना आधी पत्ता कागदावर लिहून घ्यावा, मग दार उघडावं. फक्त हवा तो आतला दरवाजा उघडायचा, रॅक बाहेर ओढून टेबलावर मांडायचा नाही. बॉक्स बाहेर ठेवून ट्यूब निवडायची असेल तर ड्राय आइस हवा. तो आपल्याकडे दर वेळी हाताशी नसतो, म्हणून दोन-तीन ॲल्युमिनियमचे कूलिंग ब्लॉक मायनस एटीमध्येच कायम ठेवावेत आणि थर्मोकोलच्या पेटीत घालून वापरावेत. दार बंद केल्यावर लगेच पुन्हा उघडत नाही, कारण आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते आणि निर्वात ओढ तयार होते. हँडल ओढून तोडू नये, दोन-चार मिनिटं थांबावं. दर वेळी खूपच वेळ लागत असेल तर हवेचा छोटा व्हॅक्यूम पोर्ट बर्फाने बुजलेला असतो.

आता सोलापूरचा उन्हाळा. बहुतेक मायनस एटी खोलीचं तापमान ३०-३२ अंशांच्या आत असेल असं धरून बनवलेले असतात. इथे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. बंद खोलीत तीन फ्रीझर असले तर ते आतली उष्णता त्याच खोलीत सोडतात आणि मग तीच गरम हवा परत ओढतात. एसी लागतोच, तोही २४ तास. संध्याकाळी शिपाई सगळे दिवे आणि एसी बंद करून कुलूप लावतो आणि रात्री फ्रीझर मायनस ६५ वर येऊन ओरडत बसतो, हा प्रकार नेहमीचा. फ्रीझर रूमच्या एसीचा स्विच वेगळा काढून त्यावर कव्हर बसवावं. भिंतीपासून मागे-बाजूला अर्धा फूट जागा सोडावी. कंडेन्सरचा फिल्टर कंपनी दोन-तीन महिन्यांनी साफ करा म्हणते; यंत्रमागांच्या भागात हवेत सुताचा कचरा उडत असतो, तिथे दर महिन्याला काढून बघावा. फिल्टरवर राखाडी गादीसारखा थर दिसला तर कॉम्प्रेसर का तापतोय हे वेगळं शोधायची गरज नाही. सेटिंग मायनस ८० ऐवजी मायनस ७० केलं तरी बहुतेक नमुन्यांना फरक पडत नाही, वीज वाचते आणि कॉम्प्रेसरला दम मिळतो. उन्हाळ्यात तर मी हेच सुचवेन.

विजेसाठी सर्व्हो स्टॅबिलायझर आणि जनरेटर दोन्ही हवेत, पण जनरेटर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. फ्रीझरचं सॉकेट खरंच जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे मेन बंद करून तपासावं. वीज परत आल्यावर सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं किंवा एमसीबी उडतो, म्हणून प्रत्येक फ्रीझरला वेगवेगळा टाइम डिले लावावा: एकाला तीन मिनिटं, दुसऱ्याला सहा. वीज नसताना दार उघडायचं नाही, ‘बघू किती वितळलंय’ म्हणूनही नाही. भरलेला फ्रीझर थंडी जास्त वेळ धरतो. रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, पाऊण भरलेल्या, आधी मायनस ट्वेंटीला गोठवलेल्या आणि रोज चार-पाच करून आत सरकवलेल्या. अलार्मची बॅटरी वेगळी असते आणि ती गपचूप मरते. दर सहा महिन्यांनी प्लग काढून अलार्म वाजतो का ऐकावं. मोबाइलवर संदेश पाठवणारं स्वतंत्र मॉनिटर लावलं तर त्यात किमान दोघांचे नंबर हवेत, त्यातला एक तरी गावातच राहणारा.

बर्फ बोटभर जाड झाला की डीफ्रॉस्ट करायची वेळ झाली. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा तो झपाट्याने साचतो, विशेषतः गास्केटवर (दाराच्या कडेच्या रबरी पट्टीवर), आणि मग दार नीट लागत नाही. गास्केटवरचा बर्फ दर आठवड्याला प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढावा. स्क्रू ड्रायव्हर लावू नये. आतल्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात, एक टोचली की फ्रीझर गेला. पूर्ण डीफ्रॉस्टसाठी दुसरा फ्रीझर एक दिवस आधी चालू करून तापमानाला आणावा, नमुने त्याच पत्त्यांच्या क्रमाने हलवावेत, मग हा बंद करून दारं उघडी टाकावीत. खाली पाणी शोषायला टॉवेल भरपूर लागतात, आणि सोलापुरात टॉवेलांची वानवा कुणी सांगू नये.

हलवाहलवीचा हाच दिवस बेवारस ट्यूबांचा निकाल लावायचाही. दोन महिने आधी दारावर बॉक्सच्या नंबरांची यादी लावावी आणि मालकांनी नाव लिहावं. नाव नसलेले बॉक्स प्रमुखांच्या सहीने एका ‘प्रलंबित’ रॅकमध्ये जावेत, सहा महिन्यांनी ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) जैव कचऱ्यात. पीएचडी संपवून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या नो ड्यूजच्या कागदावर फ्रीझरसाठी एक सही वाढवावी. ती सही देणाऱ्याने त्याच्या यादीतले कुठलेही पाच पत्ते सांगावेत आणि त्याने त्या पाच ट्यूबा समोर काढून दाखवाव्यात.