चोवीस तास पळणारा माणूस

आज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर लाँग रन. सातलाच ऊन असं चटकत होतं की घाम वाळून बाह्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. रसवंतीवाले काका रोजचंच विचारते झाले, "काबरं पळून ऱ्हायला रे भो एवढा?"

म्हटलं, काका, लिथुआनियाचा अलेक्सांडर सोरोकिन 2022 मध्ये व्हेरोनाला चोवीस तासांत 319 किलोमीटर पळालाय. जळगाव-धुळे तीनदा केलं तरी अंतर उरतंच! सरासरी किलोमीटरला साडेचार मिनिटं, तीही खाणंपिणं धरून. मी त्या वेगात एक किलोमीटर काढला तरी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकेन. आणि हा गडी धावायला लागला तो वजन कमी करायला.

मॅरेथॉनमध्ये मात्र मला केनियाच्या किपचोगेच्या व्हिएन्नातल्या 1:59:40 पेक्षा केनियाच्याच किप्टमची शिकागो मॅरेथॉन जास्त भावते. व्हिएन्नात पेसर, म्हणजे वेग धरून द्यायला सोबत पळणारे, बदलत होते, त्यामुळे तो अधिकृत विक्रम धरलाच नाही. किप्टमने 2023 ला 2:00:35 काढले. पहिला अर्धा भाग 60:48, दुसरा 59:47. तीस-पस्तीस किलोमीटरनंतर जिथे आपले पाय दगड होतात, तिथे हा आणखी सुटला. चार महिन्यांनी अपघातात गेला. वय 24.

आयर्नमॅन ट्रायथलॉनचं काकांना सांगायला घेतलं: 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 सायकल, मग वर पूर्ण मॅरेथॉन. पण ते अजून सोरोकिनवरच अडकलेले.

"चोवीस तास? मंग जेवला कवा तो?"