आदिशीची नदी आणि एकादशीची खिचडी

मी ट्रेक लीडर आहे, पावसाळ्याचे दोन-अडीच महिने जॉर्जियात असतो. देश म्हणाल तर महाराष्ट्राच्या पाव भागाएवढासुद्धा नाही, लोकसंख्या आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी, पण वरच्या अंगाला कॉकेशसची अशी भिंत उभीये की शखारा शिखर सरळ पाच हजार मीटरच्या वर जातं. आपली माणसं हल्ली बरीच येतात, तिबिलिसीत मेडिकलला मराठी पोरंपण भरपूर आहेत. मी ग्रुप घेऊन जातो तो स्वानेती नावाच्या डोंगराळ भागात, मेस्तिया ते उशगुली, चार दिवसांचा चालत रस्ता. गावागावात दगडी बुरुज, राहायला घरगुती गेस्टहाऊस, तंबू वगैरे काही लागत नाही.

ही गोष्ट तिसऱ्या दिवसाची.

दुसरा मुक्काम आदिशीला असतो. छोटं गाव, अर्धी घरं पडकी, उंची दोन हजार मीटरच्या वर म्हणजे कळसूबाईपेक्षा जास्तच. तिथून दोन-सव्वादोन तास दरीतून वर चाललं की नदी आडवी येते, ती थेट हिमनदीच्या तोंडातून निघालेली. पूल नाही. गावातले लोक घोडे घेऊन सकाळी तिथे थांबतात आणि पैसे घेऊन एकेकाला पलीकडे सोडतात. पलीकडे गेलं की मोठी चढण, खिंड, मग खाली खाल्दे आणि इप्रालीला मुक्काम. यातली मेख एकच, नदी सकाळी लवकर ओलांडायची. रात्री थंडीने बर्फ वितळायचं मंदावतं म्हणून सकाळी पाणी कमी असतं आणि ऊन चढलं की पाणी चढतं. आपल्याकडे उलटं ना! सह्याद्रीत आभाळ भरून आलं की आपण ओढ्याला घाबरतो, इथे निळंशार आभाळ दिसलं की घाबरायचं. हे मी दरवेळी ग्रुपला आदल्या रात्री सांगतो आणि दरवेळी सगळे माना डोलावतात.

त्या ग्रुपमध्ये नऊ जण होते. त्यातले ठाण्याचे काका-काकू, काका एकसष्ट वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले, चालायला एकदम तयार. आणि तो दिवस नेमका आषाढी एकादशीचा! काकूंनी ठाण्याहून साबुदाणा, दाण्याचं कूट, जिरं, तूप सगळं बांधून आणलेलं. रात्री मला हळूच म्हणाल्या, "अरे बाळा, सकाळी पटकन खिचडी करते, अर्धा तास लागेल फक्त." आता खरं सांगतो, मी नाही म्हणायला हवं होतं. पण दीड महिना खाचापुरी, म्हणजे तिथली चीज भरलेली रोटी, आणि ब्रेड खाऊन माझ्याच तोंडाला पाणी सुटलेलं, त्यामुळे हो म्हणालो. चूक माझीच.

थंड पाण्यात साबुदाणा धड भिजलाच नव्हता. चूल लाकडावरची, गेस्टहाऊसवाल्या बाई कौतुकाने शेजारी उभ्या, बटाटे त्यांनीच चिरून दिले. खिचडीचा गोळा झाला पण चव अशी की तीन जणांनी दोनदा घेतली. उरलेली डब्यात भरली. सात वाजता निघायचं होतं, निघालो पावणेनऊला. आणि ऊन काय पडलेलं! आधीचे दोन दिवसपण असेच गेलेले. सगळे खुश, फोटो काढतायत, समोर हिमनदीचा तुटक पांढरा धबधबाच उभा दिसतो तिथून, आणि मी मनातल्या मनात घड्याळ मोजतोय.

पोचलो तेव्हा सव्वाअकरा झालेले. घोडा एकच उरलेला, बाकीचे पैसे कमवून घरी गेलेले. पाणी दुधाळ राखाडी, तळ दिसायचा प्रश्नच नाही, आणि आतून गडगड आवाज येतो तो पाण्याचा नसतो, खाली दगड घरंगळत असतात त्यांचा. घोडेवाल्याने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता हात हलवला, म्हणजे चला लवकर.

आधी आमचा लोकल गाईड पाठवला, मग काकू, मग एकेक. घोडेवाला पुढे, माणूस मागे त्याला घट्ट धरून. एका फेरीला आठ-दहा मिनिटं. पहिल्या फेरीला पाणी घोड्याच्या गुडघ्याच्या थोडं वर होतं, सहाव्या-सातव्या फेरीला पोटाला लागत होतं. सातव्या फेरीत घोड्याचा मागचा पाय सटकला, वर बसलेली मुलगी एकदम आडवी गेली, घोडेवाल्याने एका हाताने तिचं जॅकेट पकडून तिला तसंच काठापर्यंत नेलं. परत आला तेव्हा घोड्याची मांडी थरथरत होती. त्याने मानेवर हात फिरवला आणि मला म्हणाला, "द्घेस आरा. ख्वाल." आज नाही, उद्या.

पलीकडे सहा जण आणि गाईड. अलीकडे मी, काका, नाशिकच्या एक टीचर आणि पुण्याचा एक आयटीवाला. तो म्हणाला, "दादा, चल ना पायीच जाऊ, एवढे ओढे पार केलेत भीमाशंकरला." मी काही बोलायच्या आत गडी पाण्यात! चार पावलं गेला असेल. काठी टेकवली तर ती हातात नुसती थडथडायला लागली, पाणी मांडीपर्यंत, आणि तो थांबला. ना पुढे ना मागे. मी आणि घोडेवाल्याने दोर टाकून ओढला त्याला. मिनिटभरच होता आत, पण बाहेर आल्यावर बुटाची लेस सोडता येत नव्हती त्याला, बोटं वळतच नव्हती. नंतर दिवसभर गप्प होता बिचारा.

आता पंचाईत अशी की काकूंच्या पाठीवरच्या सॅकमध्ये काकांच्या बीपीच्या गोळ्या. आवाज तर ऐकूच जात नाही, नेटवर्क नाही. काकू पलीकडून गोळ्यांचा डबा डोक्यावर धरून हलवतायत, मध्येच दुसऱ्या हाताने खिचडीचा डबा दाखवतायत, आणि काका इकडून दोन्ही हात जोडतायत. मी हसू की रडू असं झालं. गोळ्यांचं टेन्शन नव्हतं, पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून रोजच्या औषधाची एक जादा स्ट्रिप मी स्वतःकडे घेऊन ठेवतो, दोन वर्षांपूर्वी एकदा फटका बसल्यापासून. ती सॅकमधून काढून उंच धरली तेव्हा काकू खाली बसल्या एकदाच्या.

गाईडला खुणेनेच सांगितलं, तुम्ही पुढे जा. त्याने अंगठा दाखवला. खिंडीच्या वाटेवर त्यांचे सात ठिपके दिसेनासे होईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग परत आदिशीला उतरलो.

गेस्टहाऊसवाल्या बाईंनी आम्हाला बघून काहीच विचारलं नाही, सरळ चार ताटं मांडली. त्यांना हे नेहमीचंच असणार. संध्याकाळी त्यांनीच इप्रालीला फोन लावला, सगळे सुखरूप पोचलेले. काका उपासाचं म्हणून आधी बटाटे आणि मात्सोनी, म्हणजे आपलं दहीच, एवढंच घेऊन बसलेले. मग गरम खाचापुरी आली, चीज असं ताणलं जातंय. काकांनी माझ्याकडे बघितलं. "मीठ घातलेली भाकरीच आहे ना ही?" म्हणाले, आणि दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला निघालो, आठला नदीवर. तीन घोडे होते, पाणी घोड्याच्या गुडघ्याच्या खालीच, दहा मिनिटांत चौघं पलीकडे. आयटीवाला घोड्यावर डोळे मिटून बसलेला. या भानगडीत मेस्तियातला शेवटचा मोकळा दिवस गेला आणि ते मी कंपनीला फोन करून सांगितलं, शिव्या खाल्ल्या, बरोबरच होत्या.

इप्रालीला पोचलो तर काकू अंगणातच उभ्या. "गोळी घेतली का?"

"घेतली."

"आणि उपास?"

"पाळला की," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला घेतली, जी आधीच बांधलेली होती.