ग्रँड आयलंडचं पाणी

आज वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडला स्नॉर्कलिंग केलं. अंदमानचे फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका. पाणी हिरवट, जेमतेम दोन-तीन हात पुढचं दिसतं. झुवारीचं मुख जवळच, गाळ येणारच. पण खडकाला धरून वाढलेलं प्रवाळ दिसलं! तळताना दुमडलेल्या पापडासारखं, मातकट तपकिरी, कडा फिकट. आणि भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, अजिबात न बुजणारे.

प्रवाळ हा जिवंत प्राणी, दगड नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो वाघासोबत पहिल्याच अनुसूचीत आहे. तरी बोटीतले एक काका फिन्ससकट (पोहताना पायात घालायचे रबरी वल्हे) त्यावर उभे! गाइडने कोकणीत असं झापलं की काका परतीच्या वाटेवर गप्पच.

फोटो मागू नका. मिशांमुळे मास्कमध्ये पाणी शिरत होतं, काढणार कुठून?