ओटीपी दादाच्या हातात

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि लहानपणी आमच्या घरात इअरफोन एकच, वायरवाला. उजवा कान त्याचा, डावा माझा, यात कधी बदल नाही. आमचा दोघांचा लाडका बँड मी असाच ऐकलाय, अर्धा. खूप नंतर स्वतःचे हेडफोन आले तेव्हा कळलं की अरे, या गाण्यात तर दोन गिटार आहेत, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि उजवीकडचं ते सगळं भारी वाजवलेलं इतकी वर्षं हा एकटाच ऐकत बसला होता. मी खरंच जाऊन भांडले. तर म्हणतो कसा, मग मागायचा ना.

तर बँड नक्की कोणाचा हा वाद आमच्याकडे जुना. त्याचं म्हणणं शोध त्याने लावला. माझं म्हणणं, तिसऱ्या अल्बमनंतर हा गडी ऐकायचाच बंद झाला, पुढचं सगळं मी सांभाळलं.

टूर जाहीर झाली आणि नियम आला, एका अकाउंटला दोनच तिकिटं. आई म्हणाली एकाने काढा नि दोघं जा की, यात काय आहे एवढं. आम्ही दोघंही एकदमच "नाही" म्हणालो, बऱ्याच वर्षांनी कशावर तरी एकमत झालं. त्याला त्याच्या कॉलेजच्या मित्राला न्यायचं होतं आणि मी माझ्या मैत्रिणीला शब्द देऊन बसले होते. शेवटी ठरलं, दोघांनी आपापलं लढायचं, ज्याला मिळतील तो ठरवेल सोबत कोण, दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

दादाने तयारी म्हणजे अगदी युद्धाची केली होती. लॅपटॉप, त्याचा फोन, वर आईचा फोन, तिन्हीवर लॉगिन. आणि आदल्या रात्री साहेबांनी गुपचूप वायफायचा पासवर्ड बदलला! मला सकाळी कळलं. ओरडायला वेळ नव्हता म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसले, आणि झालं ते बरंच झालं म्हणा, कारण एकाच वायफायवरनं दहा ठिकाणी उघडलं की सिस्टीमला बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी आपोआप तिकिटं उचलणाऱ्या प्रोग्रामचा, संशय येऊ शकतो.

आता रांगेचं सांगते, कारण हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. विक्री सुरू व्हायच्या आधी वेटिंग रूम उघडते. त्यात तुम्ही तासभर आधी जा नाहीतर दोन मिनिटं आधी, बऱ्याच साइटवर काही फरक पडत नाही, कारण घड्याळात वेळ झाली की आत असलेल्या सगळ्यांना नंबर वाटतात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे. विक्री सुरू झाल्यावर येणारा मात्र सगळ्यांच्या मागे. दादा पाऊण तास आधीपासनं बसला होता, मी दात घासून शेवटच्या पाच मिनिटांत आले. मला आला अडतीस हजार काहीतरी आणि त्याला एक लाखाच्या वर. त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही.

मग त्याने नको तेच केलं, रिफ्रेश. एकदा नाही, तीनदा. आणि एकच अकाउंट तीन ठिकाणी उघडं, त्यामुळे एका स्क्रीनने दुसरीला बाहेर काढलं आणि हा थेट रांगेच्या शेपटाला. मी आपली स्क्रीनला हात न लावता बसून, रांग किती पुढे गेली ते दाखवणारा तो छोटा माणूस पट्टीवर मुंगीच्या पावलाने सरकतोय ते बघत. मधेच त्याने पलीकडच्या खोलीतनं ओरडून ज्ञान दिलं की बघ, ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडमधले ते दोन भाऊ 2009 मध्ये पॅरिसला शोच्या आधी भांडले आणि बँडच संपला, परत एकत्र यायची घोषणा करायला 2024 उजाडलं. म्हटलं मग? तर म्हणे काही नाही, सहज सांगितलं. सहज म्हणे! याला हरायला लागलं की इतिहास आठवतो.

चाळीस मिनिटांनी माझा नंबर लागला. उभ्याची तिकिटं केव्हाच संपलेली. नकाशावर निळे ठिपके, एकावर बोट ठेवावं तर तोवर तो राखाडी झालेला, कारण आपण बघतोय तेच ठिपके हजारो लोक बघत असतात. पाच-सहा वेळा हेच झालं. मग मी समोरच्या जागांचा नाद सोडला आणि स्टेजच्या एकदम डाव्या अंगाच्या दोन सीट उचलल्या. आठ मिनिटांचा टायमर सुरू. तेवढ्या वेळात पैसे भरले नाहीत तर सीट परत बाजारात.

कार्ड आईचं, आम्हा दोघांकडेही तेच. ओटीपी जातो आईच्या फोनवर. आणि आईचा फोन कुठे?

दादा दारात उभा, फोन हातात, स्क्रीन माझ्याकडे पाठ करून. "सहा आकडे आलेत बरं का," म्हणाला. मी म्हटलं दादा, दे. "एक तिकीट माझं." मी आईला हाक मारली, आई अंघोळीला. चार मिनिटं दहा सेकंद. मी त्याला नको नको ते बोलले, वायफायचं काढलं, त्याने मी लहानपणी त्याची सीडी ओरबाडली होती ते काढलं, इअरफोनही निघाला. तीन मिनिटं. शेवटी म्हटलं बरं बाबा, एक तुझं, वाच. आणि याने वाचेपर्यंत तो ओटीपी एक्स्पायर! रीसेंड दाबलं, तेही पटकन येईना, आता मात्र तोही घामाघूम, फोन खिडकीत धरून उभा राहिला. आला, त्याने आकडे सांगितले, मी टाकताना एक चुकले, परत टाकले. त्रेपन्न सेकंद बाकी असताना कन्फर्म झालं. आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि एकमेकांशी बोललोच नाही.

मैत्रीण आठवडाभर रुसली. पण तिलाही तिकीट मिळालं, शोच्या चार दिवस आधी. स्टेज, कॅमेरे, साउंडचं टेबल यांच्यासाठी काही जागा अडवून ठेवलेल्या असतात, सगळी मांडणी पक्की झाली की उरलेल्या सोडतात, आणि एकट्या माणसाला एक सीट सापडणं तुलनेने सोपं असतं. ज्यांचं हुकलं त्यांनी शेवटच्या आठवड्यात रोज बघत राहा. ब्लॅकवाल्यांच्या नादी मात्र लागू नका.

तिकिटं माझ्या अकाउंटला होती आणि दादाचं मी मुद्दाम ट्रान्सफर केलं नव्हतं. वायफायचा हिशोब बाकी होता ना. त्याने गुपचूप माझ्या फोनवरनं स्क्रीनशॉट काढून ठेवलेला, पण आमच्या तिकिटाचा कोड दर काही सेकंदांनी बदलणारा, स्क्रीनशॉट चालतच नाही. गेटवर तो लाल दिवा लागला तेव्हा मला हसू आवरेना. मग म्हटलं आता करते ट्रान्सफर, तर एवढ्या गर्दीत नेटवर्कच मेलेलं, चाक नुसतं फिरतंय, मागचे लोक बोंबलतायत. हे घरूनच करून निघा, माझ्यासारखी अक्कल पाजळू नका. शेवटी गेटवरच्या बाईने माझ्याच फोनवर दोन्ही तिकिटं एकामागोमाग स्कॅन केली आणि आम्हाला खांद्याला खांदा लावून आत ढकललं.

सीटवर दादा न विचारता माझ्या उजवीकडे बसला. स्टेज तिरकं दिसत होतं, ड्रमर तर अर्धाच. मला धाकधूक होती की इतक्या डावीकडे बसून परत तेच, एकच गिटार. पण मोठ्या मैदानात साउंड बहुतेक मोनोच ठेवतात, म्हणजे डावीकडे-उजवीकडे सगळीकडे एकच आवाज, नाहीतर कडेच्या लोकांना अर्धंच ऐकू येईल. ते जुनं गाणं सुरू झालं आणि दोन्ही गिटार एकदम अंगावर आल्या.

दादा माझ्या कानाशी वाकून ओरडला, "येतायत ना दोन्ही ऐकू?"

मी म्हटलं गप बस आणि ऐकू दे.